मंजूला कन्नड शिकवायचं राहिलं

इंदिराबाईंनी लेकीसाठी काही केलं नाही, असं म्हणायची कुणाची छाती नाही. म्हैसूरच्या जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातली बाई. धाकटी मंजू समजेनं कमी निघाली तेव्हा नातेवाईक हळहळत बसले, बाईंनी पदर खोचला. न्हाऊ घालणं, भरवणं, वेणीफणी, सगळं स्वतः केलं.

मंजू सात वर्षांची असताना नवरा वेंकोजीराव म्हणाले, "कुवेंपुनगरात अशा मुलांची शाळा आहे, घालूया की." घातली. दुपारी बाई बघायला गेल्या तर पोर ओल्या फ्रॉकवर बसलेली. तिनं मराठीत सांगितलेलं तिथं कुणाला कळलं नव्हतं. झालं! शाळा त्या दिवशीच संपली. शाळेतल्या श्रीलक्ष्मी मिस घरी येऊन विनवून गेल्या, हळूहळू कन्नड शिकेल म्हणाल्या. बाईंनी त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. "मी आहे ना तिला," म्हणाल्या. दोन भाषांनी पोर गोंधळेल म्हणून पुढं घरात तिच्याशी मराठीच बोलायचं, असा दंडकच घातला. वेंकोजीरावांनी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

आता मंजू तिशी ओलांडून गेली. वेंकोजीराव राहिले नाहीत आणि बाईंचं हृदय थकलंय. पुढं मंजू जाणार हूटगळ्ळीला, भाऊ वेंकटेशकडं. तो दिवसभर कारखान्यात. त्याची बायको चंदना मायाळू, पण तिला मराठी येत नाही. थोडे दिवस मंजूला तिथं ठेवून पाहिलं, तर पोरीनं बोलणंच टाकलं. तिला काय हवंय तेच कळत नाही, म्हणून चंदना रडली.

तेव्हा कुठं बाईंचे डोळे उघडले. परत आणल्यावर त्या मंजूला शिकवायला बसल्या. पाण्याचा पेला हातात धरला.

"नीरु म्हण, मंजू. नीरु म्हटलंस की देते."

"आई, पाणी."

"नीरु."

मंजूनं हात पुढं केला. बाईंनी पेला मागं घेतला. जन्मात कधी लेकीला तहानेली ठेवली नव्हती, त्या बाईंनी. काळीज तुटत होतं, तरी पेला दिला नाही.

मंजू आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी आपले कान धरले आणि उठाबशा काढायला लागली. आपलंच काहीतरी चुकलंय, असं वाटलं तिला.

बाईंनी तिला जवळ ओढलं, पाणी पाजलं आणि खूप रडल्या. उद्या परत पेला मागं घ्यायचाच होता.