उपासाच्या यादीतून खोडलेलं नाव

रजिया आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सात रस्ता चौकात रिक्षात होते. रिक्षावाल्याला म्हटलं, वळव... आणि कुठं वळवायचं तेच सुचेना. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची मी आठ वर्षं रेक्टर आहे; आपा आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. त्यांना जाऊन महिना झाला, आणि एका जुन्या दुपारी मी जे बोलले त्याचा मला अजून राग येतो आहे.

मेसच्या दारावर उपासाची यादी असते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, रमजानचे रोजे. जिचा जो उपास, तिनं तिथं नाव लिहायचं. साबुदाणा किती भिजवायचा एवढंच त्या यादीचं काम, असं मी समजायचे. काही वर्षांपूर्वी मोडनिंबच्या सुरेखानं दिवाळीच्या सुट्टीनंतर आपलं गुरुवारचं नाव खोडलं. एम.एस्सी.ची मुलगी, वाळून काटकी झालेली. मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "बरं केलंस बाई. देव काही पेपर लिहायला येत नाही." ती हसली नाही. भाकरी थापणारा आपांचा हात थांबला.

गुरुवारी सुरेखा जेवायला आली नाही. खोलीला आतून कडी. हाका मारून मुलींचे घसे बसले. सुताराला बोलवा म्हणून मी ओरडत होते, तेवढ्यात पिठाच्या हातांनी आपा आल्या आणि दाराशी फतकल मारून बसल्या.

"सुरेखा, साबुदाणा भिजवू का नको, तेवढं सांग की."

आपांनी दाराला कान लावला.

"बोलू नको. दारावर नुसती टकटक कर. मी हितंच हाय."

किती वेळ गेला कोण जाणे... मग टकटक झाली. पाठोपाठ आवाज, "आईसाठी धरला होता, आपा. सुट्टीत आई गेली. आता कुणासाठी करू?"

आई गेल्याचं वसतिगृहात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

"नको करू. देवावर रागव, लई रागव. पर राग धरायला बी अंगात जीव लागतो. आदी जेव."

कडी निघाली. खोलीत काय दिसलं ते मी लिहिणार नाही. सुरेखा जगली, आज टेंभुर्णीला शिकवते.

संध्याकाळी आपांना विचारलं, तुम्हाला कसं उमगलं? त्या परात घासत होत्या. म्हणाल्या, "उद्यापन करून उपास सोडणारी पोरगी समद्या मेसला गोडधोड वाढती. हिनं गुपचूप खोडलं. तुमी यादीकडं बघितलं, मॅडम. मी तिच्या तोंडाकडं."

आता जेवणाच्या वेळी मी मेसमध्ये थांबते. परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी "भूक नाही मॅडम" म्हणून परत फिरली... मी माझं ताट तसंच ठेवलं आणि तिच्या मागोमाग जिना चढले.