पुलगावचं बारसं

प्रदीपभाऊंनी माझ्या पाठीत शेवटचा धपाटा घातला तो जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. मी त्यांची साहेब होते हे त्या क्षणी त्यांच्यासकट कोणाच्याच लक्षात नव्हतं, आणि मी तर पाठ वाकवून आनंदाने उभी होते. त्या दिवशी आम्ही सर्व्हरच्या एका तुकडीचं नाव 'तळणी' ठेवलं. हसूनखिदळून, घुगऱ्या खाऊन सगळे घरी गेले. पुढच्याच आठवड्यात सकाळी शेखावतजींचा फोन आला. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा हा आमचा सहकारी फोनवर कुजबुजत होता. "मॅडम, प्रदीपजी नहीं रहे." बनी पार्कातल्या घरी, चहाचा कप हातात असताना, हृदय बंद पडलं... मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "कोणते प्रदीपजी?" जसे काही माझ्याकडे दहाबारा होते.

गंमत म्हणजे दहाबारा, शेकडो, हव्या तितक्या प्रती काढणं हाच त्यांचा धंदा होता. आमच्या डेटा सेंटरमध्ये लोखंडाची खरी यंत्रं थोडी आणि त्यांच्या पोटात चालणारे आभासी सर्व्हर अगणित. नवा सर्व्हर हवा असला की तो कोणी पहिल्यापासून रचत बसत नाही. एक आदर्श सर्व्हर तयार करून ठेवलेला असतो, त्याला आम्ही मास्टर म्हणतो, आणि त्याच्या हुबेहूब प्रती काढतो. हा मास्टर घडवणं आणि जपणं प्रदीपभाऊंकडे होतं. नव्या माणसाला समजावताना ते म्हणत, "सांगानेरला कापड छापतात तो लाकडी ठसा पाहिला ना? ठशाला चीर गेली, तर प्रत्येक फुलाला चीर."

ते पुलगावचे. वडील रेल्वेत, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. पण भाऊंच्या तोंडातून वऱ्हाड कधी गेलं नाही. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमागे आलेली. पहिल्याच दिवशी मला मॅडम म्हणायचं सोडून ते "ताई" म्हणाले, आणि विषय संपला.

बारशाची प्रथा कशी पडली ते सांगायला हवं. मास्टरची प्रत काढण्याआधी त्याचं नाव, ओळख, किल्ल्या, कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, सगळं पुसायचं असतं. एकदा शेखावतजींनी घाईघाईत एक चालता सर्व्हरच, न पुसता, ठसा म्हणून वापरला. दुपारी सगळ्या प्रती जाग्या झाल्या आणि प्रत्येकीची खात्री की मूळ ती मीच! सगळ्यांचं नाव एक, पत्ता एक. एकीला पाठवलेलं दुसरी घेई, एक बोलली की दुसरी गप्प होई. शेखावतजी डोकं धरून ओरडत होते, "अरे, सब के सब असली कैसे हो सकते हैं!" प्रदीपभाऊंनी शांतपणे एकेक प्रत बंद केली आणि जाहीर केलं, "आजपासून बारसं झाल्याबिगर कोणी कामाला लागणार नाही. काहून घाई करून राहिले? लेकराचं नाव तर ठेवा."

दुसऱ्या दिवशी खरंच स्टीलच्या डब्यातून घुगऱ्या आल्या. नाव ठेवायला आत्या लागते, ती मी. स्क्रीनशी वाकून नाव सांगायचं, मग सगळ्यांनी "कुर्र्र" करून आत्याच्या पाठीत धपाटा घालायचा. राजस्थानी मंडळींना पहिल्यांदा वाटलं, मराठी लोकांत साहेबाला मारायची पद्धत असावी. त्यांनी ती फार मनापासून उचलली. नावं भाऊंच्या गावाकडच्या स्टेशनांची. बडनेऱ्याहून निघालेली गाडी टिमटाळा, मालखेड, चांदूर, धामणगाव करत तळणीपर्यंत आली. "चांदूर आज सुबह से हँग है," असं जयपुरात ऐकू येई आणि भाऊ खूश होत. पुढचं स्टेशन पुलगाव. ते आलं की काय करणार, असं मी विचारलं होतं. "पुलगाव आलं की मी उतरतो, ताई," ते म्हणाले. निवृत्तीबद्दल बोलत होते...

त्यांच्यामागे जुना मास्टर काढून टाकायची वेळ आली. तो कालबाह्य झाला होता, नवा तयार होता, आणि पुसण्याच्या आदेशावर सही माझी लागणार होती. तेवढ्यात त्यांची मुलगी मृण्मयी भेटायला आली. वडील मला ताई म्हणत म्हणून ती मला आत्या म्हणते. "आत्या, ते पप्पांचं मास्टर... मतलब, डिलीट होणार ना? त्यात पप्पांचं काही असेल तर मला पाहिजे. एक लाइन पण चालेल."

"घरी असेल ना पुष्कळ?"

"काहीच नाहीये. सगळ्या फोटोत मम्मी आणि मी. पप्पा फोटो काढत होते."

मी शोधायला बसले. कामाच्या फायलींत माणसं एखादी थट्टा लिहून ठेवतात, चाचणीसाठी स्वतःचं नाव टाकतात, पुसायला विसरतात. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची मी आयुष्यात कधी इतकी आशेने वाट पाहिली नव्हती. एकेक कोपरा उघडला. काही नाही. नाव नाही, आद्याक्षर नाही, एक चुकार शब्द नाही. मग त्यांचंच बोलणं आठवलं, "मास्टरमध्ये कोणीच नसावं, ताई. नव्या भाडेकरूला बाथरूममध्ये जुन्याचे केस दिसले तर कसं वाटन?" भाऊ, एवढं चांगलं काम करायची काय गरज होती हो?

मी सही केली. मृण्मयीला फोनवर खरं ते सांगितलं. ती "ठीक आहे, आत्या," म्हणाली, पण ते ठीक नव्हतं. फोन ठेवण्याआधी मी तिला बारशाला बोलावलं.

यंत्रांच्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण आमचं बारसं नेहमी बाहेर, माझ्या टेबलाशीच होई. घुगऱ्या शेखावतजींनी आणल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यात इतकी लाल मिरची घातली होती की डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कोणालाच द्यावा लागला नाही. नव्या मास्टरची पहिली तुकडी. मी स्क्रीनशी वाकले आणि म्हटलं, "पुलगाव." कसाबसा "कुर्र्र" झाला. मी वाकूनच राहिले. पहिला धपाटा नेहमी भाऊंचा असे, आणि कोणाचा हात उठेना.

मग पडला. डाव्या खांद्याच्या जरा खाली, बोटं फाकवलेल्या पंजाचा, सणसणीत. भाऊंचा पडे तिथेच, तसाच.

वळून पाहिलं तर मृण्मयी स्वतःच्या हाताकडे बघत होती. "पप्पा मला रोज असंच उठवायचे," ती म्हणाली. "पहिले कानात नाव. मग हे."

नंतर तिने मास्टरबद्दल पुन्हा विचारलं नाही. डबा घासून द्यायला म्हणून घेऊन गेली आणि पुढच्या बारशाला भरून आणते म्हणाली. पुलगावनंतर कवठा. ते स्टेशन मी पाहिलेलं नाही. कसं आहे ते भाऊंना विचारायचं राहून गेलं. पण त्या बारशाला मी आधी पाठ वाकवीन, आणि नाव मग सांगेन.