रात्री नाव बांधतेत कुठं?

देवळीच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे. एकदा सागरावरची कविता रंगून म्हणत होतो. नौका म्हणजे जीवन, वल्हे म्हणजे श्रद्धा, असे चालले होते. समुद्र वर्गात कुणीच पाहिला नव्हता, मीही नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"सर, पण रात्री नाव बांधतेत कुठं?"

"कवितेत रात्र नाई. बस खाली."

आज साठी पूर्ण करणाऱ्या कॅप्टन मंदाताई ठोंबरे यांच्याशी माझा हा पहिला परिचय.

सायकली दुरुस्त करणाऱ्या वडिलांची ही लेक पुढे शिडाची होडी घेऊन उष्ण समुद्रांत हिंडली, कितीक नाविकांची गुरू झाली. पण त्यांचे मोठेपण मला कळले ते अंदमानात. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा उभयतांना आग्रहाने होडीवर नेले होते.

दुपार कलली होती. मुक्कामाची जागा शोधायची होती आणि समोर अशी खाडी, की ओठांवर ओळीच याव्यात! नारळी, रुपेरी वाळू, निळे पाणी. उलट्यांनी बेजार झालेली आमची सौ. म्हणाली, "मंदा, माय, थांब वं आता इथंच. पोटात काही राह्यलं नाई माह्या."

"थोडं सोसा, काकू. खाली सारा पोवळ्याचा खडक हाये, नांगर धरणार नाई. अन् वारा फिरला त लाटा सरळ आत येतीन."

"काऊन घाबरवून राह्यली तिले?" मी म्हणालो. "आरशासारखं पाणी हाये!"

"आता हाये, सर. मले सकाळपर्यंत पाह्यजे."

ऊन उतरले की पाण्याखालचे खडक दिसेनासे होतात, मग नवी जागा गाठणेच अवघड. तरी त्यांनी होडी वळवली. एका हातात सुकाणू, दुसरा सौ.च्या पाठीवर. पुढची जागा टेकडीआडची, बोडकी, एक ओळ सुचू नये अशी. नांगर टाकला, ताणून पाहिला, सरकला. पुन्हा उचलून टाकला. मग स्वतः बुडी मारून तो वाळूत नीट रुतल्याचे पाहून आल्या. किनाऱ्यावरचे वाळके झाड आणि त्यामागचा काळा खडक दाखवून मला म्हणाल्या, "सर, हे दोन एका रेषेत दिसतेत तोवर आपण जागेवर आहो. पाहत राह्यजा."

इतक्या निष्ठेने मी उत्तरपत्रिकाही कधी तपासल्या नव्हत्या.

सकाळी परतताना ती सुंदर खाडी पुन्हा दिसली. वारा फिरला होता. खडकांवर लाटा फुटत होत्या. सौ.ने मंदाताईंच्या तोंडावरून हात फिरवला. माझी तर छाती फुगून आली. माझ्याच वर्गातला तो प्रश्न, आणि उत्तरही माझ्याच विद्यार्थिनीने दिलेले!

गेल्या दिवाळीला मंदाताई देवळीला आल्या. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. फाटकातूनच म्हणाल्या, "तुम्ही दोघं असे संगं बसलेले दिसले का बरं वाटते, सर. मी जागेवर आहो."

मंदाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, शिडात वारा भरत राहो. आणि त्या घराकडे वळतील तेव्हा खुणा सापडाव्यात, म्हणून ओट्यावरच्या आम्हा दोघांसाठीही देवाकडे थोडे मागून ठेवतो.