निळ्या खडूचा ओके

आमच्या मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडापेक्षा किस्से जास्त निघायचे. मिल बंद झाली, कापड संपलं. किस्से मात्र माझ्या सुदामा नगरच्या घरात अजून थप्पी लावून पडलेत!

मी तिथे कापड तपासायचो. ठाण, म्हणजे अख्खा तागा, टेबलावर पसरायचं, डाग, तुटका धागा बघायचा. बरं असलं तर निळ्या खडूनं ‘ओके’, नाहीतर ‘सेकंड’. एवढंच माझं इंग्रजी, पण रुबाब साहेबाचा!

*

एकदा डबे खाताना वाद लागला, हा ओके आला कुठून? क्लार्क जोशीजी म्हणाले, “अमेरिकेत कुणीतरी ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग चुकवलं, त्यातून.”

विणकर गणपतजी उखडले. “काहीतरीच काय! आपलं होकाराचं ‘हओ’ गोरे घेऊन गेले, तिकडे बिगडवून ओके केलं!”

सगळी मतं गणपतजींना पडली. माझंही.

*

घरी आमच्या हिचे ओके दोन. लांबलचक ‘ओक्के’ म्हणजे चला रात्री सराफ्यात चाट खायला. तुटक ‘ओके’ म्हणजे आज ताट स्वतः वाढून घ्या. जन्मभर कापड पारखलं, पण हा फरक मला वेळेवर कधीच कळला नाही.

*

बाजारात परदेशी माल आला अन् आमचं गोदाम न विकलेल्या कापडानं छतापर्यंत भरलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “एव्हरीथिंग इज ओके!” मी खातंभर छाती ठोकून सांगत सुटलो, “साहेब ओके म्हणालेत, घाबरू नका.”

पंधरा दिवसांत गेटवर नोटीस! महिनाअखेर मिल बंद. तेव्हापासून लोक मला ‘ओके भिया’, म्हणजे ओके भाऊ, म्हणू लागले. बरोबरच होतं त्यांचं.

*

गणपतजींना मात्र मी कधी ओके दिला नाही. माणूस लाखात एक, पण लूम खटारा. कुठेतरी धागा तुटायचाच. ते चिडायचे, “खडू काय हुंड्यात मिळालाय, इतका जपून वापरता? एक ओके घेतल्याशिवाय मिल सोडणार नाही!”

शेवटच्या दिवशी त्यांचं शेवटचं ठाण माझ्या टेबलावर आलं. सगळं खातं भोवती उभं. मी बोटं फिरवली. मधोमध तुटका धागा लागला. उगाच खोकलो अन् भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ओके’. टाळ्या पडल्या.

गणपतजी हसले नाहीत. त्यांनी ठाण पुन्हा पसरलं, नेमकं त्या धाग्यावर बोट ठेवलं अन् अंगठ्यानं माझी अक्षरं पुसून टाकली.

“इतकी वर्षं तुटका धागा दिसला, अन् आज नाही दिसला? लिहा भिया, सेकंड!”