जुमाकादिर हात लावत नाही

आमच्या शेजारच्या जुमाकादिरला दोन डोळे आहेत, पण माणूस बघायला त्यातला एकही उपयोगाचा नाही. त्याला दिसतं ते फक्त मांस. माझ्या थोरलीच्या लग्नात पाहुणे अंगणात उतरत होते आणि हा माझ्या कानाशी लागून सांगत होता, की नवरदेवाचा मामा जिवंत एकशेदहा भरेल, पण सगळं पोटच आहे, मांस पन्नासच्या वर निघायचं नाही. मी हसले, खोटं कशाला सांगू. मग त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेव्हापासून तो दिसला की मी शाल ओढून घेते.

अत-बाशीच्या रविवारच्या गुरांच्या बाजारात चाळीस वर्षं त्याचा हा धंदा. मिशांना मेंढीची चरबी, कल्पाक टोपी कपाळावर, आणि समोर उभं जनावर. एक डोळा अर्धा मिटायचा आणि आकडा टाकायचा. डोंगरात चरलेली गाय असेल तर वजनाच्या निम्म्याहून जरा कमी मांस, दाण्यावर पोसलेला खोंड असेल तर निम्म्याहून जास्त. बाकीचे दलाल पुठ्ठा दाबतात, शेपटीच्या बुडाशी चरबी चिमटून बघतात. हा नाही. हात आंधळ्यांनी लावावा, म्हणतो.

गेल्या शरदात बुरुलकानच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. वर्षाचं जेवण म्हणजे चाळीस पंगती, पंगतीला पाच किलो, म्हणजे दोनशे किलो मांस. कमी पडलं तर कुणातरी म्हाताऱ्याच्या वाट्याचं, मानाचं हाड चुकणार, आणि मेलेल्या माणसाचं नाव गावभर चघळलं जाणार. बुरुलकानची ऐपत एकाच जनावराची. म्हणून तिने जुमाकादिरला बाजारात नेलं, आणि तमाशा चुकायला नको म्हणून मीही गेले.

त्याने एक तांबडी गाय निवडली. पोट दोन्हीकडून भरलेलं. विकणारा शपथेवर सांगत होता, की वर्षभर रिकामीच आहे, गाभण नाही. बुरुलकानचा जन्म गाई दोहण्यात गेलेला. तिने वाकून गाईच्या उजव्या कुशीकडे तळवा नेला.

"एजे, हात मागे घ्या," जुमाकादिर थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "मी उभा असताना तुम्ही चाचपायला लागलात तर उद्या मला इथे कुत्रं विचारायचं नाही. चारशे जिवंत, दोनशे मांस."

दलाल फिदीफिदी हसले. तिने हात मागे घेतला. गावातल्या प्रत्येक चुलीवर मत असलेली मी, त्या दिवशी माझीही जीभ टाळ्याला चिकटली.

जेवणाच्या दोन दिवस आधी आसानकुल खाटकाने दुआ म्हणून सुरी फिरवली. पोट उघडलं आणि त्याचा हात थांबला. आत वासरू होतं. सात महिन्यांचं, अंगावर बारीक लव, खूर पांढरे, मऊ. गाभण गाय कापली, तीही मेलेल्याच्या नावाने. आसानकुलने सुरी गवताला पुसली आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसला.

जुमाकादिर पुढे आला. वाकला. एक डोळा अर्धा मिटला.

"वीस किलो," म्हणाला. "जन्मलं असतं तर दोन वर्षांत चारशेला गेलं असतं."

मी शाल ओढून घेतली.

मांस भरलं एकशेबावन्न. तेवढ्यात हा समजावू लागला, की चारशे होतेच, माझा आकडा चुकला नाही, त्यातलं थोडं मांस नव्हतं इतकंच. बुरुलकानने ऐकूनही घेतलं नाही. तिने वासरू फडक्यात गुंडाळून कुंपणापाशी पुरलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि तडक त्याच्या अंगणात गेली. तिथे त्याने हिवाळ्यासाठी पोसलेला काळा खोंड बांधलेला होता.

"जुमाके, हा सोडा."

"एजे, याचं अडीचशे निघेल. तुम्हाला कमी पडतंय पन्नास."

"उरलेलं पाहुणे घरी नेतील. माझ्या माणसाच्या नावाने."

तो इकडेतिकडे बघू लागला. कुंपणावरून अर्धी गल्ली डोकावत होती. सगळ्यांत पुढे मी. त्याची बायको दारातून म्हणाली की सोडा, नाहीतर त्या खोंडापाशीच झोपा, घरात येऊ नका. त्याने दावं सोडलं, पण गाठ सोडायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी चहा करून प्यायले असते.

जेवणाला एकाही म्हाताऱ्याचं हाड चुकलं नाही. जुमाकादिरही वयाचा मान म्हणून वरच्या पंगतीला बसला होता, हाडातली मज्जा अशी चोखत होता की तीन पंगतींना ऐकू जावं. मी वाढायला वाकले तर तोंडातला घास न गिळताच म्हणाला, की खोंडाचं दोनशे शेहेचाळीस निघालं, आपण काय सांगितलं होतं?

मी त्याच्या ताटात वाढलं आणि चुलीकडे परत गेले. माझ्या वाट्याचं मांस, वासरू बघून पाठ फिरवून बसलेल्या आसानकुलच्या घरी पाठवून दिलं.