वहिनीच्या नंबरवर आलेले निरोप

वहिनी रागीट आहे, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. ज्यांच्यामुळे तिला राग यायचा तेच म्हणायचे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. खरं तर मी तिच्याहून रागीट आहे, पण मला कोणी नावं ठेवायचं नाही, कारण मी मनातल्या मनात शिव्या द्यायचे आणि तोंडाने "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" असं विचारायचे. ग्राहकांचे फोन घेणं हेच माझं काम होतं.

ती आधी माझी सहकारी होती, वहिनी नंतर झाली. एकदा दादा मला ऑफिसातून न्यायला आला आणि मग रोजच यायला लागला. बहिणीची इतकी काळजी त्याला जन्मात कधी वाटली नव्हती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई म्हणाली, "मुलगी तापट दिसते रे." दादा म्हणाला, "घरात एक आहेच. दोघींची जोडी जमेल." आणि जमली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी एकमेकींशी कधी भांडलो नाही. भांडायला बाहेर पुष्कळ लोक आहेत.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या पेशंटने कधी यायचं ते त्यात ठरायचं, आणि वेळ बदलली की पेशंटच्या मोबाईलवर आपोआप निरोप जायचा. कोड लिहिणारे वेगळे. त्यांनी लिहिलेला कोड त्यांच्या मशिनवरून चाचणीच्या सर्व्हरवर न्यायचा, तिथे नीट चालला तर हॉस्पिटलच्या खऱ्या सर्व्हरवर चढवायचा, हे वहिनीचं काम. तिच्याकडून पास झाल्याशिवाय काही पुढे जायचं नाही, म्हणून पोरं तिला टोलनाका म्हणायची. तिच्या पाठीमागे म्हणायची, समोर म्हणायची छाती नव्हती.

काम ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे प्रत्येकाच्या मशिनवर त्याचं स्वतःचं राज्य. एकाकडे सगळं जुनं, दुसऱ्याकडे कालच आलेलं. तिसऱ्याने कधीतरी कुठलीशी सेटिंग बदलून ठेवलेली, ती काय होती हे त्यालाही आठवत नाही. ज्याच्या त्याच्या मशिनवर कोड गुण्यागोविंदाने चालायचा आणि दुसरीकडे नेला की तोंडावर आपटायचा. मग मान वर करून उत्तर यायचं, "माझ्या मशिनवर तर चालतंय." हे वाक्य ऐकलं की वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तिने एकाला विचारलं होतं, "मग तुझं मशीनच उचलून हॉस्पिटलात नेऊन ठेवू का? सोबत तूही जाऊन बस."

यावर तिने एक उपाय काढला होता. अडगळीतलं एक मशीन आणून तिने आपल्या टेबलाखाली ठेवलं. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. कुणाची सोय नाही, कुणाची आवड नाही. त्याला आम्ही गोसावी म्हणायचो. कोड आधी गोसावीवर चालला पाहिजे, मगच पुढची गोष्ट. आणि तिचा एक नियम होता: कोड गावभर फिरला तरी चालेल, सेटिंगने आपलं घर सोडायचं नाही. चाचणीच्या सर्व्हरची सेटिंग तिथेच राहील, खऱ्याची खऱ्यावर.

त्यालाही कारण होतं. चाचणीच्या सर्व्हरवर एक सेटिंग अशी होती की, निरोप कुणाच्याही नावाचा असो, तो वहिनीच्याच फोनवर यायचा. नाहीतर चाचणी करताना एखाद्या खऱ्या माणसाला खोटा निरोप जायचा आणि तो बिचारा हॉस्पिटलात जाऊन उभा राहायचा. चाचणीच्या पेशंटांची नावंही तिनेच ठेवली होती. जेवताना तिचा फोन वाजायचा आणि दादा वाचायचा, "श्री. भोपळा, आपण उद्या सकाळी उपाशीपोटी यावे." मग विचारायचा, "दोडकेबाईंची तब्येत कशी आहे?"

त्या शुक्रवारी आमच्या हिरोचा कोड आला होता. हिरो म्हणजे ऑफिसातला हुशार मुलगा. निदान साहेबांना तसं वाटायचं. त्याचा कोड गोसावीवर आपटला. थोड्या वेळाने तो परत घेऊन आला, तर चालला. वहिनीला संशय आला, तिने आत डोकावून पाहिलं. पठ्ठ्याने चाचणीच्या सर्व्हरची सेटिंगची अख्खी फाईल कोडच्या पोटातच घालून आणली होती. वहिनी म्हणाली, "हे आधी काढ, मग माझ्याशी बोल." आणि ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

साहेबांनी हॉस्पिटलला शुक्रवारचा शब्द दिला होता. ते हिरोला म्हणाले, "चढवून टाक. तिचं काय, ती रोजच नाही म्हणते." मी शेजारच्या टेबलावर होते. मी म्हटलं, "सर, तिने थांबवलंय ते." ते म्हणाले, "तुम्ही तुमचे फोन घ्या." मला वाटलं, वहिनीशिवाय ते चढायचं नाही. पण सगळ्यांचे पासवर्ड साहेबांकडे असायचे; मी घरी गेल्यावर तिच्या लॉगिनने त्यांनी तो खऱ्या सर्व्हरवर चढवला.

शनिवारी आम्ही घरी होतो. वहिनी भाजी चिरत होती आणि तिचा फोन वाजला. मग परत वाजला, आणि मग वाजतच राहिला. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कोण चाचणी करतंय? इतकं काम कधीपासून करायला लागले?" दादाने सवयीने फोन उचलला आणि वाचायला लागला. पण त्यात भोपळा नव्हता, दोडका नव्हता. एका माणसाचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. रविवारी डायलिसिसचा विभाग पाण्याच्या यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी बंद राहील, तरी आपण आजच संध्याकाळी यावे. पुढच्या निरोपात दुसरं नाव, त्याच्या पुढच्यात तिसरं.

वहिनीने हातातली सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "हे खरे पेशंट आहेत," ती म्हणाली. "यांना कुणालाच काही कळलेलं नाही. चाचणीची सेटिंग खऱ्या सर्व्हरवर गेलीय, सगळं माझ्याकडे येतंय."

डायलिसिस म्हणजे सर्दीचं औषध नव्हे, की आज नाही तर उद्या घेतलं. रविवारची पाळी हुकली तर रक्तातली घाण आणि अंगातलं पाणी तसंच साठत राहतं, आणि पुढची पाळी येईपर्यंत माणसाला श्वास घेता येत नाही. हे आम्हाला ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं.

वहिनीने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "सोमवारी बघू ना. एवढं आकाश कोसळल्यासारखं काय करताय?"

"सर, सोमवारी उशीर झालेला असेल. मला आत्ता खऱ्या पेशंटांचे नंबर काढून निरोप परत पाठवावे लागतील. आणि हॉस्पिटललाही सांगावं लागेल."

"हॉस्पिटलला काही सांगायचं नाही. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. मी बघतो. तुम्ही फोन बंद करून ठेवा."

बघतो म्हणाले आणि त्यांनी खरंच बघितलं. थोड्याच वेळात वहिनीचं लॉगिन बंद झालं होतं. शिवाय सगळी सिस्टीमच 'देखभालीसाठी बंद' असा फलक लावून त्यांनी बंद केली. म्हणजे नवे निरोप यायचे थांबले, चूक कुणाला दिसायची थांबली, आणि पेशंटांचे नंबर जिथे होते ते दारही लागलं. त्या माणसाला आग विझवायची नव्हती, फक्त धूर दिसू द्यायचा नव्हता. मला आजही ते आठवलं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि ते कुणीतरी कोण हे सांगायला नको.

वहिनीने सरळ हॉस्पिटलला फोन केला. डायलिसिसच्या सिस्टरना तिने सगळं खरं सांगितलं, आपल्या कंपनीची चूक आहे हेही सांगितलं. सिस्टर आधी ओरडल्या. त्यांनी ओरडायलाच हवं होतं. मग म्हणाल्या, "आमचा स्क्रीन बंद पडलाय, पण जुनी कार्डं आहेत कपाटात. तुम्ही नावं वाचा, आम्ही फोन लावतो."

वहिनी नावं वाचत होती. मी दुसऱ्या फोनवरून ज्यांचे नंबर सिस्टर सांगतील त्यांना फोन लावत होते. कुणी धावतपळत निघालं, कुणी आम्हाला शिव्या घातल्या. दादा एका म्हाताऱ्या शिंप्याला स्वतः गाडीवर बसवून सोडून आला. संध्याकाळपर्यंत सगळे पोचले. एक बाई सोडून.

तिच्या जुन्या कार्डावरचा नंबर कधीचाच बंद झाला होता. नवा नंबर सिस्टीममध्ये होता, आणि सिस्टीम साहेबांनी बंद केली होती. वहिनीने त्यांना परत परत फोन केला. त्यांनी उचलला नाही. पत्ता म्हणून कार्डावर नुसतं लांबच्या एका वस्तीचं नाव होतं. दादा तिथेही जाऊन विचारून आला. ती घर बदलून गेली होती, कुठे ते कुणी सांगू शकलं नाही.

सोमवारी मीटिंग झाली. साहेबांनी सुरुवातच केली की कोड वहिनीच्या लॉगिनने चढला, निरोप वहिनीच्या नंबरवर आले, वर तिने कंपनीला न विचारता ग्राहकाला फोन केला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. हिरो खाली बघत होता, पण तोंड उघडून एवढंच म्हणाला, "माझ्या मशिनवर तर नीट चाललं होतं."

वहिनी म्हणाली, "नंबर माझा होता म्हणून कळलं. तुमचा असता तर तुम्ही फोन बंद करून झोपला असता."

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "एकंदरीत बघितलं तर जवळपास सगळे पेशंट पोचले. नुकसान फारसं झालेलं नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सिस्टर होत्या. ती बाई सापडली होती. रविवारी सकाळी दोन बस बदलून ती नेहमीसारखी आली, विभागाला कुलूप, तिथे सिस्टरही कुणी नाहीत हे बघून पायरीवर बसली, आणि दुपारी परत गेली. रात्री तिला श्वास लागला. आता अतिदक्षता विभागात होती. मी हे सगळं तिथेच, साहेबांच्या तोंडावर, मोठ्याने सांगितलं. वहिनी उठली आणि बाहेर गेली. तिची नोकरी त्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी माझा राजीनामा गेला.

दोन दिवसांनी त्या बाईला साध्या वॉर्डात हलवलं, तेव्हा आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. पन्नाशीची, हडकुळी बाई होती. नाकाला नळी होती. वहिनीने स्टूल ओढलं आणि चूक कशी झाली ते सगळं तिला सांगितलं, सोप्या शब्दांत सांगितलं. ती बाई लक्ष देऊन ऐकत राहिली. मग वहिनीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या हो. माझंच काहीतरी चुकलं असणार. मला फोनमधलं काही कळत नाही. शनिवारी दिवसभर फोन हातात धरूनच बसले होते, पण मला मेलीला निरोप बघताच आला नाही."

"तुमचं काही चुकलेलं नाही," वहिनी म्हणाली.

"नाही कसं, बाकीच्यांना बरोबर मिळाला की."

वहिनीचा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "कुणाला मिळाला नाही. तुमचा फोन चांगला आहे, तुम्हाला सगळं कळतं. परत असं म्हणायचं नाही."

बाई घाबरली, आणि घाबरूनच म्हणाली, "बरं बाई. नाही म्हणत."