इची गाडी यायची हाय

माझ्या मामानं स्पेसशिपसाठी जाळी बनवली होती.

खरीखुरी. लोखंडाची. वेल्डिंग करून, वरून काळा रंग मारून.

मामाला जाऊन आज वर्ष झालं. ही रडायची पोस्ट नाही, आधीच सांगते. त्याला रडकी माणसं बिलकुल चालत नव्हती.

जरीपटका भागात त्याचं ट्रकच्या काचा बसवायचं दुकान. पुढच्या गाडीच्या चाकाखालून गिट्टी उडाली की काच गेलीच. मामा नवी काच बसवायचा आणि तिच्यासमोर लोखंडी जाळी लावायला सांगायचा.

ड्रायव्हर लोक जाळी काचेला चिकटवून लावायचे. आणि महिन्याभरात फुटकी काच घेऊन पुन्हा हजर.

"अबे, चिकटून काहून लावली? खडा जाळीले लागते, जाळी काचेले लागते! वीतभर दूर लाव ना गा!"

लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलं होतं की माझे कान किटले होते.

मी फिजिक्सवाली. पीएचडीचा पहिला इंटरव्ह्यू दिला आणि सपशेल आपटले. दुसरा चान्स आला तेव्हा आईशी ठरलं, या वेळी नाही जमलं तर गपगुमान बी.एड.

आदल्या दिवशी प्रताप नगरहून स्कूटी काढली आणि थेट मामाच्या दुकानात.

"काहून वं, तोंड पाडून बसली?"

सांगितलं सगळं. माझा विषय म्हणजे दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जाणारं यान. वेग, प्रकाशाच्या एक पंचमांश. त्या वेगात वाळूचा एक दाणा जरी आडवा आला तरी बॉम्ब फुटल्यासारखं होणार. जाड चिलखत लावावं तर यान इतकं जड होतं की वेगच धरत नाही.

मागच्या वर्षीच्या इंटरव्ह्यूत मी इथंच अडकले होते.

मामानं बशीतला चहा संपवला.

"म्हणजे गाडी लय फास्ट आन् खडा बारका."

"हो."

"मंग जाळी लाव."

असा राग आला ना मला! "मामा, भोकातून जाईल ना तो कण! काहीही काय बोलतो!"

"मंग पातळ पत्रा लाव. पण दूर लाव. खडा पत्र्यावरच फुटला, त्याचा भुगा होऊन पसरला, तर मंग काचेचं काय बिघडवते तो?"



अरे, पुस्तकात हेच तर होतं! उपग्रहांना असंच दुहेरी कवच लावतात. मी दोनदा वाचलं होतं, पाठ केलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी, काचांच्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूत मागच्या वर्षीचेच सर. म्हणाले, "पुढचं कवच यानाला चिकटवलं तर? कवच दूर धरणाऱ्या सांगाड्याचं वजन वाचेल."

आणि माझ्या तोंडून निघालं, "अजिबात नाही सर! खडा पत्र्याला लागतो, पत्रा काचेला लागतो!"

"काच? कुठली काच?"

मग काय, अख्खा जरीपटका सांगितला. सर हसत हसत पाणी प्यायले. मग फळ्यावर गणित करायला लावलं. ते मी केलं.

सिलेक्शन झालं!

पेढे घेऊन दुकानात गेले. मामानं एक पेढा तोंडात टाकला आणि खिशातून टेप काढला.

"माप सांग."

"कशाचं?"

"तुह्या गाडीचं. जाळी बनवून ठेवतो."

मी हसत म्हटलं, "चार बाय चार."

आठ दिवसांनी गेले तर भिंतीवर चार बाय चारची जाळी! तयार जाळीवर तो पांढऱ्या रंगानं मालकाचं नाव लिहायचा. हिच्यावर लिहिलं होतं, 'पिंकी'. गिऱ्हाईक विचारायचं, कोणत्या गाडीची हाय? मामा एकदम सिरियस चेहऱ्यानं सांगायचा, "इची गाडी यायची हाय."

मामी वैतागायची. "काढा ना बाप्पा ते, जागा अडवून राहिलं."

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. मग मामीसोबत मी दुकान उघडायला गेले. आता दुकान तीच चालवते. एक टिप्परवाला आला आणि त्याची नजर जाळीवर गेली.

"मावशी, हे जाळी द्या ना. माह्या गाडीले फिट बसते."

मी म्हणणारच होते, देऊन टाक मामी, गंजून राहिली नुसती.

मामीनं मान वर न करता सांगितलं, "नाई जमत दादा. इची गाडी यायची हाय."

मामा, गाडी अजून कागदावरच आहे रे. पण पत्रा दूर लावला आहे.

जय भीम, मामा.